वाचले, पण कळले का?

‘असर’ हे २००५ साली सुरू झालेले सर्वेक्षण ग्रामीण मुलांचे वाचन अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्यांनी मोजते. मोजमाप सोपे आहे, उपयोगीही आहे. आमचा आक्षेप वेगळा आहे. देवनागरीत अक्षरे जुळली की अर्थ न कळताही शब्द उच्चारता येतो. ‘आई कोयता घेऊन फडात गेली’ हे वाक्य सातारा-सांगलीकडचे मूल घडाघडा वाचेल. पण हा फड उसाचा, कुस्तीचा की तमाशाचा? उत्तर ‘कोयता’ या शब्दात आहे. ते हुडकणे म्हणजे आकलन. ‘वाचता येते’ असा शेरा एकदा पडला, की न कळणारे मूल नजरेआड होते. तेव्हा वाचन तपासताना ‘कशावरून?’ एवढे जरूर विचारावे.