कादंबरीला मोकळी पानं

सीमाभागातल्या कादंबरीचं दुसऱ्या माध्यमात काय होतं हे पाहायचं, तर 'जोगवा'पासून सुरुवात करावी लागते. राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या दोन कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची 'दर्शन' ही कथा एकत्र करून संजय कृष्णाजी पाटील यांनी पटकथा लिहिली आणि राजीव पाटील यांनी २००९ साली चित्रपट पडद्यावर आणला. उपेंद्र लिमये यांच्या अभिनयाला, अजय-अतुल यांच्या संगीताला, हरिहरन आणि श्रेया घोषाल यांच्या गायनाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले आणि ते योग्यच होतं. बेळगाव, निपाणी, गडहिंग्लज या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला सौंदत्तीचा देवीचा डोंगर, भंडारा, डोक्यावरचा जग हे काही समजावून सांगावं लागत नाही. पण चौंडकं या वाद्याचा आवाज अंगात कसा घुमतो, हे छापील पान सांगू शकत नाही. तिथं चित्रपट कादंबरीच्या पुढे गेला.

मागे राहिलं ते वेगळंच. सुलीची कथा एका कादंबरीची, तायप्पाची दुसरीची. केसांत जट धरली म्हणून एक मुलगी देवीला सोडली जाते. एक धट्टाकट्टा पोरगा लुगडं नेसून देवीचा जोगता होतो. कादंबरीत हे घडायला वेळ लागतो. घरचे, भावकी, गाव, देवीचं भय, सगळे मिळून माणसाला हळूहळू ढकलत नेतात, आणि वाचक त्या ढकलण्यात सापडतो. पडद्यावर दोन-सव्वादोन तासांत दोन्ही आयुष्यं एका प्रेमकथेत बसवावी लागली. प्रेमकथा सुंदर झाली. ढकलणं मात्र चटकन उरकलं.

कागल निपाणीपासून हाकेच्या अंतरावर. तिथल्या आनंद यादवांच्या 'नटरंग' कादंबरीचं २०१० साली पडद्यावर हेच झालं. पैलवान गुणा नाच्या होतो तेव्हा अतुल कुलकर्णींनी शरीरच बदलून दाखवलं. त्याला शब्दांत तोड नाही. पण लावण्या इतक्या झगमगल्या की गुणाच्या मजुरीची, पोटाची गोष्ट त्यांच्या मागे गेली. शेवटचा पुरस्कार सोहळा तर मला पटतच नाही. इतक्या अपमानातून गेलेल्या माणसाला टाळ्यांनी भरपाई देता येते, असं मानणं सोपं आहे.

कादंबरी अशी आवळावी लागते, ही अडचण चित्रपट माध्यमाच्या वेळेची आहे, आणि म्हणून खंडाखंडाने चालणाऱ्या चित्रकथेसाठी मला जपानकडे पाहावंसं वाटतं. तिथं सध्या इसेकाई नावाच्या कथाप्रकाराचं पीक आलं आहे. नेहमीच्या जगातला माणूस मरतो किंवा ओढला जातो आणि भलत्याच जगात जाऊन पडतो. या कथा बहुधा आधी इंटरनेटवर लिहिल्या जातात, मग लाइट नॉव्हेल म्हणून छापल्या जातात आणि त्यांच्यावरून दर महिन्याला चित्रकथा निघते. मिया काझुकी यांच्या 'असेंडन्स ऑफ अ बुकवर्म'मध्ये पुस्तकवेडी तरुणी गरीब शिपायाच्या आजारी मुलीच्या देहात जागी होते. त्या शहरात पुस्तक श्रीमंतांनाच परवडतं. ती स्वतः कागद करायला निघते. पहिल्या भागाच्या तीन कादंबऱ्यांना सुझुका या चित्रकाराने सात खंड दिले. झाडाची साल सोलणं, उकडणं, कुटणं, वाळवणं, फसणं, सगळं चौकटी-चौकटीतून दिसतं. हातांनी केलेलं काम चित्रात जसं कळतं तसं परिच्छेदात कळत नाही, आणि चित्रपटाला तेवढा धीर नसतो.

दोषही तितकेच ठळक आहेत. याच मालिकेचे दुसऱ्या भागानंतरचे भाग वेगवेगळ्या चित्रकारांकडे गेले आणि एकाच वेळी चालू राहिले; चेहरे आणि हात बदलत राहतात. 'सो आय ॲम अ स्पायडर, सो व्हॉट?'च्या चित्रकथेनं जाळं विणणारा कोळी झालेल्या मुलीवर सगळी मदार ठेवली आणि माणसांच्या बाजूची प्रकरणं गाळली. गोष्ट वेगवान झाली, पण कादंबरीचा अर्धा ताण त्या प्रकरणांतच होता. कितीतरी चित्रकथा तर नायकाच्या मनातलं बोलणं जसंच्या तसं चौकटीत ओततात. तिथं चित्र नुसतं शेजारी उभं राहतं. या प्रकारातल्या बहुतेक कथांत नव्या जगात नायकाला बळ आयतं मिळतं, ही मूळचीच उणीव. चित्रकाराला ती भरून काढता येत नाही.

आपल्या कथांत बळ आयतं मिळत नाही. जोगता झालेल्या तायप्पाला नवं जग मिळतं ते फक्त सोसायला. म्हणूनच हा धीराचा, खंडाखंडाने चालणारा आकार आपल्या कादंबरीला अधिक शोभेल असं मला ठामपणे वाटतं. मराठीत चित्रकथा वाचली जात नाही, हे मला मान्य नाही. १९६७ पासून अमर चित्र कथेनं घराघरांत वाचक घडवला. पण बत्तीस पानांत एक चरित्र संपवायचं, हा साचा आपण तेव्हापासून मोडलाच नाही, आणि चित्रकथा पोरांच्या खात्यात राहिली.

निपाणीचे महादेव मोरे पिठाची गिरणी चालवत लिहीत राहिले. तंबाखूच्या वखारीतल्या बायका, ड्रायव्हर, क्लीनर, गॅरेजमधली पोरं ही त्यांची माणसं. तंबाखूची धूळ, चाळणी, तोंडाला बांधलेलं फडकं, हे सगळं चित्रकाराची वाट पाहत आहे. निपाणीतल्या अशाच बायकांसोबत काम करून युगांतर या स्त्रीवादी चित्रपटगटाने १९८२ साली 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा माहितीपट केला. त्यात कामगार बायकांनी आपले प्रसंग स्वतः उभे करून दाखवले. मोऱ्यांच्या कथांवर काम करणाऱ्याने तो आधी पाहावा. अंग कसं वाकतं, हात कसा चालतो, हे तिथं आहे.

बोलीचं मात्र जपावं लागेल. कानडी वळणाची इथली मराठी चित्रपटात गेली की तिचा सरसकट कोल्हापुरी ठसका होतो. चित्रकथेच्या फुग्यात ती लेखकाने लिहिली तशीच राहू शकते, कारण ती कुणा नटाच्या तोंडून यावी लागत नाही. फुग्यात जागा थोडी असते, आणि मोऱ्यांची माणसं मुळात थोडक्यातच बोलतात. अशी चित्रकथा वर्षातून एकदा दिवाळी अंकात करून भागणार नाही. बेळगावात १९१९ पासून मराठी वर्तमानपत्र निघतं आहे. त्याच्या रविवारच्या पुरवणीत दर आठवड्याला एक पान, एकच चित्रकार, एकच कादंबरी, ती संपेपर्यंत, एवढी सुरुवात इथं आजही करता येईल.