टीका २५६ चौकटींवरची



आजचा विषय ऐकायला अगदी बारीक वाटेल. हौशी मुलंमुली व्हिडिओ गेमसाठी पिक्सेल चित्रं काढतात. त्यातल्या पात्रांवर टीका करायची कशी आणि घ्यायची कशी, एवढंच आज बोलायचं आहे. पण या बारीक विषयात एक मोठी गोष्ट लपलेली आहे, ती शेवटपर्यंत हाताशी येईल अशी आशा करू या.

आधी माध्यम समजून घेऊ. क्रॉस स्टिचचं भरतकाम ज्यांनी केलं आहे, त्यांना चौकटींचा कागद आठवत असेल. एका चौकटीत एक टाका, एका टाक्याला एक रंग. पिक्सेल चित्राचंही तसंच. गेममधलं लहानसं पात्र पुष्कळदा १६ बाय १६ चौकटींत बसवतात. म्हणजे सगळ्या मिळून २५६ चौकटी. त्यात डोकं, हात, पाय, कपडे, स्वभाव, सगळं मावलं पाहिजे. डोळा म्हणजे एक चौकट. ती एका घराने खाली सरकली की जागा माणूस पेंगुळलेला दिसतो.

आता यातून टीकेपुढे एक वेगळाच पेच उभा राहतो. कादंबरी आवडली नाही म्हणून समीक्षक ती पाच मिनिटांत पुन्हा लिहून देऊ शकत नाही. इथे मात्र देऊ शकतो. वीस-पंचवीस चौकटींचे रंग बदलले की झालं, ‘हे बघ, असं कर’. या माध्यमात टीकाकाराचा हात करणाऱ्याच्या कामात फार सहज शिरतो. आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे, की इथे दुसऱ्याला पिक्सेल देण्यापेक्षा कारण द्यावं.

‘टीका’ हा शब्दच बघा ना. आज आपण तो झोडपण्याच्या अर्थाने वापरतो. पण ज्ञानेश्वरीला आपण गीतेवरची टीका म्हणतो, तेव्हा तिथे कुणी गीतेला झोडपलेलं नसतं. टीका म्हणजे उलगडून दाखवणं. समोरच्या गोष्टीत काय आहे, ते कसं लागतं, कुठे लागत नाही, हे सांगणं. हा जुना अर्थ २५६ चौकटींना फार चांगला लागू पडतो.

एक उदाहरण घेऊ, आपणच कल्पिलेलं. समजा, एका मुलीने म्हातारा रखवालदार काढला आहे. पाठीत वाकलेला, डोक्याला मफलर, हातात कंदील. गेम रात्रीचा आहे, पार्श्वभूमी गडद निळी. तिने चित्र दाखवलं आणि विचारलं, कसं वाटतं? मग नेहमीप्रमाणे पाच जण बोलले.

पहिला म्हणाला, ‘मस्त!’ दुसरा म्हणाला, ‘ठीक आहे, अजून सराव कर.’ तिसरा म्हणाला, ‘पिलो शेडिंग झालंय.’ चौथा म्हणाला, ‘पाय फारच आखूड आहेत.’ पाचवा काहीच बोलला नाही, त्याने चित्र घेतलं आणि दुरुस्त करून परत दिलं.

एकेकाचं बघू. ‘मस्त’ने कुणाचं वाईट होत नाही, पण त्यातून हाती काही लागत नाही. मफलर मस्त की कंदील मस्त? पुढच्या पात्रात ती काय जपून ठेवणार? कौतुकालाही जागा दाखवावी लागते. ‘कंदिलाच्या बाजूचा गाल उजळलाय, त्यामुळे रात्र लगेच कळते,’ असं कुणी म्हटलं असतं तर ते कौतुकही झालं असतं आणि शिकवणंही.

‘सराव कर’ हा सल्ला खोटा नाही, पण तो चित्र न बघताही देता येतो. चित्र न बघता देता येणारा कुठलाही अभिप्राय टीकेत धरू नये, असा नियमच करायला हरकत नाही.

तिसऱ्याचं मात्र नीट ऐकलं पाहिजे, कारण त्याला दिसलेलं बरोबर असण्याची शक्यता आहे. पिलो शेडिंग म्हणजे काय? उजेड कुठून येतो याचा विचार न करता कडेने गडद आणि मधे फिकट रंग भरत जाणं. मग प्रत्येक वस्तू उशीसारखी फुगीर दिसते. नवशिक्यांच्या चित्रात हे फार होतं. पण नुसतं नाव फेकून काय उपयोग? तिला तो शब्दच माहीत नसेल तर तिच्या पदरात फक्त लाज पडते. आता हेच असं सांगून बघा: ‘कंदील डाव्या हातात आहे, म्हणजे उजेड डावीकडून येणार. पण तुझा कोट मधोमध उजळलाय. त्यामुळे कंदील पेटलेला वाटत नाही.’ दोष तोच, फक्त आता तो तिच्या गोष्टीशी जोडला गेला. कंदील पेटलेला दिसणं ही तिची गरज आहे, कोट कसा रंगवायचा ते मग तिचं ती ठरवेल.

चौथा म्हणतो पाय आखूड. कशाच्या मानाने? खऱ्या माणसाच्या मानाने म्हणाल तर या आकारातल्या निम्म्या पात्रांचे पाय आखूडच असतात. डोकं मोठं ठेवलं नाही तर चेहरा वाचता येत नाही, मग उरलेल्या घरांत पाय बसवावे लागतात. इथे टीकाकाराला माध्यमाची अडचण माहीत असावी लागते.

याचं सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे मारिओ. १९८१ साली ‘डाँकी काँग’ या गेमसाठी शिगेरू मियामोतो यांनी हे पात्र रचलं. इतक्या थोड्या चौकटींत तोंड दाखवणं कठीण, म्हणून मोठ्या नाकाखाली मिशी आली. केस काढणं आणि उडी मारताना ते हलवणं कठीण, म्हणून टोपी आली. हात अंगापासून वेगळा दिसावा म्हणून दोन रंगांचे कपडे आले. आता अशा चित्राला कुणी ‘तोंड कुठेय?’ असं विचारलं असतं तर? प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचं उत्तर चित्राने आधीच देऊन ठेवलंय.

दुसरं उदाहरण अलीकडचं. ‘सेलेस्ट’ हा डोंगर चढण्याचा गेम २०१८ साली आला. त्याचं मूळ छोटं रूप दोन जणांनी चार दिवसांत केलं होतं, पिको-८ नावाच्या मुद्दाम तोकड्या ठेवलेल्या यंत्रणेवर. पडदा १२८ बाय १२८ पिक्सेलचा, रंग ठरलेले १६. नायिका जेमतेम ८ बाय ८ चौकटींची. तिचे केस लाल असतात तोवर हवेत एक झेप शिल्लक आहे असं समजायचं. झेप वापरली की केस निळे. आता फक्त चित्र बघणारा म्हणेल, ‘निळे केस शोभत नाहीत, लालच ठेव.’ शोभण्याचा प्रश्नच नाही इथे. तो रंग खेळणाऱ्याशी बोलतोय. म्हणजे गेममधल्या पात्रावर टीका करताना ते काय काम करतं हे विचारल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. कुणी १९८९च्या गेमबॉयसारखं चारच छटांत काम करत असेल आणि आपण त्याला ‘रंग वाढव’ म्हणालो, तर ते गझल लिहिणाऱ्याला वृत्त सोड म्हणण्यासारखं झालं.

आता राहिला पाचवा, दुरुस्त करून देणारा. हा माणूस बहुतेक वेळा सगळ्यांत जाणकार असतो आणि सगळ्यांत मदतीलाही येतो. त्याच्याबद्दल आदर ठेवूनच बोलायचं आहे. त्याने काय केलं? कड स्वच्छ केली. एकटे-दुकटे सांडलेले पिक्सेल उचलले. छटा नीट लावल्या. आणि हे करता करता पाठ थोडी सरळ केली, कारण सरळ आकृती लवकर वाचता येते. चित्र निर्विवाद सुधारलं. फक्त रखवालदार तरुण झाला! म्हातारपण त्या वाकलेल्या पाठीच्या चार चौकटींत होतं, आणि ते ‘चुकीचं’ म्हणून पुसलं गेलं.

धोका आहे तो इथे. करणारी मुलगी दोन्ही चित्रं शेजारी ठेवते. दुसरं उघडच चांगलं आहे. मग ती एक तर तेच वापरते, म्हणजे पात्र तिचं राहत नाही, किंवा आपल्याला हे कधी जमणार नाही म्हणून फाईल बंद करते. दोन्हीकडे नुकसानच. आणि नुकसान तिचं एकटीचं नाही. तेच जाणकार, त्याच दहा नियमांनी, सगळ्यांचीच पात्रं दुरुस्त करत राहिले, तर हळूहळू सगळ्यांचे नायक एकाच घरातले भाऊ दिसू लागतात. नियम खरे असतात, पण ते कुणाच्या गोष्टीसाठी वापरायचे हे नियमात लिहिलेलं नसतं.

मग दुरुस्त करून दाखवूच नये का? दाखवावं. काही गोष्टी शब्दांत सांगणं कठीण असतं. वक्र रेषेत पिक्सेलचे तुकडे ४, २, १, १, २, ४ असे आले तर डोळ्याला गोलाई दिसते. ४, १, ३, १ असे आले की रेषेला दात फुटतात. हे काढून दाखवलेलंच बरं. पण एकच भाग घ्यावा, बाजूला काढावा, आणि शक्य असेल तर दोन-तीन पर्याय द्यावेत. पर्याय दिले की निवड करणाऱ्याच्या हातात राहते. आणि प्रत्येक बदलाबरोबर ‘का’ सांगावं. ‘का’ सांगता येत नसेल तर तो बदल बहुधा आपल्या आवडीचा असतो.

बोलण्याचा क्रमही महत्त्वाचा. आधी चित्र गेममध्ये दिसेल त्या आकारात बघा. आठपट मोठं करून बघितलं की नको ते दोष दिसतात आणि हवे ते दिसत नाहीत. मग काय वाचलंत ते सांगा: ‘मला हा वाकलेला माणूस दिसतो, हातात घागर आहे.’ कंदिलाची घागर झाली, एवढं एक वाक्य दहा सूचनांपेक्षा मोलाचं आहे. नंतर मोठ्या गोष्टी घ्या. सगळी आकृती काळी भरून बाह्याकार ओळखू येतो का? गडद निळ्या पार्श्वभूमीवर कोट वेगळा दिसतो का? बारीकसारीक पिक्सेल सगळ्यांत शेवटी.

कुणी म्हणेल, म्हणजे गोड गोड बोलायचं का? मुळीच नाही. भीड ठेवून गप्प बसणं ही इथे फार महाग पडणारी सभ्यता आहे. चार दिशांना चालण्याच्या प्रत्येकी चार फ्रेम धरल्या तरी सोळा चित्रं होतात. डोकं आणि मफलर एकमेकांत मिसळतात हे पहिल्या चित्राला सांगितलं तर दुरुस्ती एकदा. सोळा झाल्यावर सांगितलं तर सोळा वेळा. तेव्हा कडू बोलायचं ते लवकर बोला, स्पष्ट बोला, चित्राबद्दल बोला. ‘तुला उजेड कळत नाही’ आणि ‘इथे उजेड लागत नाही’ यांत काय फरक आहे, हे वेगळं सांगायला नको.

आता घेणाऱ्याकडे वळू. टीका मागणं हेही कौशल्य आहे. ‘कसं वाटतं?’ विचारलं की ‘मस्त’च मिळणार. त्यापेक्षा सांगा: हे पात्र कोण, पडद्यावर केवढं दिसणार, कशावर उभं राहणार, रंग किती ठरवलेत, आणि तुम्हाला शंका कुठे आहे. फाईल पीएनजी ठेवा. जेपीजीत रंग फुटतात आणि लोक तुमचे नसलेले दोष दाखवतात. मोठं करायचं तर दुप्पट, तिप्पट असं पूर्ण पटीतच करा, नाहीतर चौकटी लहानमोठ्या होतात किंवा कडा धूसर होतात.

अभिप्राय आले की लगेच बचावाला उभं राहू नका. प्रत्येक चित्राखाली तुम्ही समजावून सांगायला बसणार नाही आहात, खेळणाऱ्याला ते आपलं आपणच लागलं पाहिजे. ऐकताना दुखणं आणि औषध वेगळं करा. तिघे जण एकाच जागी अडखळले तर तिथे काहीतरी आहे, हे मान्य करा. पण तिघांनी सांगितलेली तीन औषधं चुकीची असू शकतात. एक म्हणेल पाय लांब कर, दुसरा म्हणेल पाठ सरळ कर, तिसरा म्हणेल कोट काढ. खरं कारण कदाचित एवढंच असेल, की कोट आणि पाय एकाच रंगाचे आहेत.

मूळ फाईल ठेवून प्रतीवर प्रयोग करा, दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी बघा. आणि बदलायला कंटाळू नका. एरिक बॅरोन यांनी ‘स्टारड्यू व्हॅली’ हा गेम साडेचार वर्षं जवळजवळ एकट्याने केला, २०१६ मध्ये तो आला. त्या काळात त्यांनी आपलीच चित्रं कितीदा तरी नव्याने काढली. मात्र प्रत्येक सूचना मानलीच पाहिजे असंही नाही. ‘पाठ वाकलेलीच राहील, कारण तो म्हातारा आहे,’ हे उत्तर हट्टाचं नाही. त्यात कारण आहे. कारण सांगता येतंय, म्हणजे पात्र अजून तुमचं आहे.

टीका चांगली झाली की नाही, हे ते चित्र किती सुधारलं यावरून ठरवू नका. त्या मुलीने पुढचं पात्र काढलं, तेव्हा उजेड कुठून येतो हा प्रश्न तिने स्वतःच स्वतःला विचारला का, ते बघा. विचारला असेल तर रखवालदाराच्या कोटावर चार पिक्सेल चुकीचे राहिले तरी चालतील.

आता आपण प्रश्नोत्तरांकडे वळू. प्रश्न विचारताना चित्र दाखवणार असाल, तर आधी ते पात्र कोण आहे ते सांगा, म्हणजे झालं.