पीट टाउनझेंड याच्या मेहेरबाबाविषयक ध्वनिमुद्रिका

टाउनझेंड, पीट : (१९ मे १९४५ –    ). इंग्रज रॉक गिटारवादक, गीतकार आणि ‘द हू’ या वाद्यवृंदाचा प्रमुख रचनाकार. जन्म लंडनच्या चिझिक भागात. प्रचंड ध्वनिवर्धन आणि रंगमंचावर गिटार आपटून तिचे तुकडे करण्याची पद्धत यांमुळे १९६४ नंतर त्याची ख्याती झपाट्याने पसरली. महाराष्ट्राच्या दृष्टीने मात्र त्याच्या निर्मितीचा एक निराळाच पदर महत्त्वाचा ठरतो. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) शहराजवळ अरणगावच्या परिसरात मेहेराबाद येथे ज्यांची समाधी आहे, त्या मेहेरबाबांना (१८९४–१९६९) उद्देशून त्याने केलेल्या रचना हा तो पदर होय.

१९६७ मध्ये चित्रकार माइक मॅकिनर्नी याच्याकडून टाउनझेंडला मेहेरबाबांची माहिती झाली. या दोघांची प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही. मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ रोजी स्वीकारलेले मौन अखेरपर्यंत पाळले. ३१ जानेवारी १९६९ रोजी त्यांचे निधन झाले व ‘द हू’चा टॉमी हा दोन ध्वनिमुद्रिकांचा संच त्याच वर्षीच्या मे महिन्यात प्रसिद्ध झाला. संचाच्या वेष्टनावर त्यांचा ‘अवतार’ म्हणून निर्देश आहे. तेव्हा टॉमी व त्यानंतरच्या सर्व अर्पणकृती, कलावंत हयात असूनही, एका अर्थाने मरणोत्तरच ठरतात. ज्यांच्यासाठी त्या रचल्या, ते त्या ऐकावयास नव्हते.

टॉमीचा नायक आंधळा, बहिरा व मुका आहे. त्याच्या मुकेपणाचा संबंध मेहेरबाबांच्या मौनाशी सहज जोडला जातो, पण हे साम्य वरवरचे आहे. टॉमीचे मौन आघातातून आलेले आहे, मेहेरबाबांचे स्वेच्छेने पत्करलेले. शिवाय कथेच्या अखेरीस टॉमी स्वतः गुरू बनतो आणि अनुयायी त्याला झुगारून देतात. गुरूला अर्पण केलेल्या कृतीतच गुरूपणाविषयी एवढा संशय असावा, हे तिचे खरे बळ होय. भाबड्या स्तुतिगीताहून ती वेगळी पडते ती यामुळेच.

हॅपी बर्थडे (१९७०), आय ॲम (१९७२) आणि विथ लव्ह (१९७६) या ध्वनिमुद्रिका मेहेरबाबांच्या अनुयायांपुरत्या, मर्यादित प्रतींत काढण्यात आल्या. पहिलीच्या चोरट्या प्रती अमेरिकेत विकल्या जाऊ लागल्या, तेव्हा हू केम फर्स्ट (१९७२) ही ध्वनिमुद्रिका रीतसर बाजारात आली. तिच्यातील पुष्कळसे ध्वनिमुद्रण टाउनझेंडने ट्विकनम येथील आपल्या घरगुती ध्वनिमुद्रणगृहात, बहुतेक वाद्ये स्वतःच वाजवून केले. ‘परवरदिगार’ ही रचना मेहेरबाबांच्या प्रार्थनेवर आधारलेली आहे. परमेश्वराच्या गुणांची ही मालिका नामसंकीर्तनाच्या वळणाची; पण आपल्याकडील भजनात आवर्तनाचा भार टाळकऱ्यांचा मेळा उचलतो, तर येथे एकच माणूस फितीवर एकावर एक थर चढवून तो मेळा उभा करतो. वाद्यांचा भरणा वाढत जातो तसतशी प्रार्थनेतील शांती काहीशी दबते. उलट, मेहेरबाबांना प्रिय असलेले जिम रीव्ह्झचे एक साधे गीत त्याने फारशी सजावट न करता गायिले आहे, आणि भक्तिभावाच्या दृष्टीने तेच अधिक सरस उतरले आहे.

‘बाबा ओरायली’ (हूज नेक्स्ट, १९७१) या सर्वांत गाजलेल्या गीताच्या नावात मेहेरबाबा व अमेरिकन रचनाकार टेरी रायली एकत्र आले आहेत. रायली हा किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांचा शिष्य. आरंभीची सतत फिरणारी स्वरावली संश्लेषकावरची असल्याचा समज रूढ आहे. वस्तुतः ती लोरी ऑर्गनच्या एका विशेष यंत्रणेतून निघाली. शेवटी डेव्ह आर्बस याचे व्हायोलिन द्रुत होत जाते, तेव्हा कव्वालीच्या चढत्या लयीची आठवण येते. या गीताकडे अनेक श्रोत्यांनी तरुणाईच्या नशेचा गौरव म्हणून पाहिले. हा अर्थविपर्यास बोचणारा आहे. कारण मेहेरबाबांनी १९६६ मध्ये गॉड इन अ पिल? या पुस्तिकेतून अशा द्रव्यांचा स्पष्ट निषेध केला होता, आणि गीतातील ओसाडीचे चित्र उत्सवाचे नसून खेदाचे आहे.

हे गीत मुळात लाइफहाउस या अपुऱ्या राहिलेल्या प्रकल्पासाठी होते. सर्व जीव एकाच स्वरात विलीन होतात, ही त्यामागील कल्पना बडोद्यात जन्मलेले वीणावादक सूफी इनायत खाँ (१८८२–१९२७) यांच्या विचारांशी निगडित आहे. रंगभूमी व चित्रपट यांना न पेलवलेला हा प्रकल्प अखेर नभोवाणीने स्वीकारला. बीबीसीच्या ‘रेडिओ ३’ केंद्रावरून ५ डिसेंबर १९९९ रोजी तो नाट्यरूपाने प्रसारित झाला. ज्या कथेचा गाभाच अदृश्य नाद आहे, तिला दृश्याची गरज नसलेले माध्यम मिळाले, हे योग्यच झाले. मूळ ध्वनिमुद्रणांसह लाइफहाउस क्रॉनिकल्स हा सहा तबकड्यांचा संच २००० मध्ये निघाला.