फळी, बगल आणि साल्हेरचं मैदान

मिनिएचर वॉरगेमचं नाव काढलं की आपल्याकडे लोकांना मोबाइलवरचा खेळ आठवतो. हा खेळ टेबलावरचा आहे. सहा बाय चार फुटांचं टेबल, त्यावर थर्माकोलच्या टेकड्या, स्पंजची झाडं, एखादं पडकं घर. दोन्ही बाजूंना दीड-दोनशे शिपाई, प्रत्येक जण बोटाच्या एका पेराएवढा, हाताने रंगवलेला. पट नाही, घरं नाहीत. कोण किती चालला ते इंचांच्या टेपने मोजायचं आणि कोण मेला ते फाशांनी ठरवायचं. शिपाई माणसं असतील तर तो ऐतिहासिक खेळ. त्यांत बुटके, राक्षस, सांगाडे आणि ड्रॅगन आले की कल्पित जगाचा. मी या दुसऱ्या प्रकारात वाढलो. मध्ये अनेक वर्षं खोकी बंद राहिली. सटाण्याला परत आल्यावर ती उघडली, तेव्हा शिपाई तेच होते आणि नियम मात्र तीनदा बदलून गेलेले होते. या बदलांत खेळाने काय गमावलं आणि काय परत मिळवलं, हे तपासून पाहावं असं वाटलं, कारण बाहेरून हा केवळ छंद दिसत असला तरी माझ्या मते ही एक कला आहे आणि तिचा प्राण नियमांत आहे.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. प्रशियाच्या रायस्विट्झ पितापुत्रांनी अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी युद्धखेळ रचला. मुलाने 1824 मध्ये त्याला नकाशावरचं पक्कं रूप दिलं. एच. जी. वेल्सने 1913 मध्ये 'लिटल वॉर्स' लिहून तो दिवाणखान्यातल्या जमिनीवर आणला. त्यात खेळण्यातल्या तोफेने खरोखर गोळा उडवून शिपाई पाडायचे असत. 1971 च्या 'चेनमेल'मध्ये मध्ययुगीन सैन्याच्या जोडीला जादूगार आणि ड्रॅगन आले. 1983 मध्ये इंग्लंडमध्ये 'वॉरहॅमर' निघाला आणि पुढची तीस वर्षं कल्पित युद्धखेळ म्हणजे वॉरहॅमर असंच समीकरण राहिलं.

सन 2000 ची सहावी आणि 2006 ची सातवी आवृत्ती, हा माझा काळ. त्या नियमांचा गाभा चालीत होता. पलटण म्हणजे पाच-पाचच्या चार रांगांची घट्ट फळी. तिला समोर आहे, बगल आहे, पिछाडी आहे. वळायचं तर टोकाचा शिपाई जेवढं अंतर कापेल तेवढं सगळ्या पलटणीच्या चालीतून वजा होणार. पायदळाची चाल चार इंच, हल्ल्यात दुप्पट, म्हणजे आठ. आणि मोजायचं हल्ला जाहीर केल्यानंतरच. तोफेचंही तसंच: अंतर आधी तोंडाने बोलायचं, मग टेप लावायची. त्यामुळे डाव फाशांच्या बराच आधी ठरत असे. समोरची फळी साडेआठ इंचांवर आहे की साडेसात, हे नजरेने ओळखता आलं पाहिजे. चुकलात तर तुमचे लोक मैदानाच्या मधोमध अर्धवट येऊन थांबणार आणि पुढच्या पाळीत शत्रू त्यांच्या बगलेत शिरणार. बगलेतून हल्ला झाला की मागच्या रांगांचा आधार जातो, मनोबलाचा फासा जड होतो आणि वीस जणांची धडधाकट पलटण दोन-तीन माणसं पडल्यावरही पळ काढते. मेलेल्यांच्या संख्येपेक्षा धीर सुटण्यावर लढाई जिंकली-हरली जावी, हे त्या नियमांचं मोठं शहाणपण होतं. खऱ्या लढायांच्या वर्णनांतही असंच दिसतं.

दोष होतेच. हल्ला करणारा आधी वार करी आणि पुढच्या रांगेतला माणूस पडला की त्याच्या मागच्याला त्या पाळीत उत्तर देता येत नसे. त्यामुळे दोन्ही बाजू एकमेकींच्या पल्ल्याबाहेर घुटमळत राहत. एखादा डाव अर्धा संपेपर्यंत कोणी कोणाला भिडायचंच नाही. 2010 च्या आठव्या आवृत्तीने हा अडसर काढायचा प्रयत्न केला: मागचा माणूस पुढे येऊन लढू लागला, अंतर आधी मोजायची मुभा मिळाली, हल्ल्याच्या पल्ल्यात दोन फाशांची बेरीज आली. खेळ धावता झाला. पण ज्या फळीत शत्रूपेक्षा जास्त रांगा, ती हरली तरी पूर्ण मनोबलावर टिकून राहणार, हा नियमही त्याच आवृत्तीने आणला. मग चाळीस-पन्नास जणांचे गठ्ठे टेबलावर आले आणि बगल मारण्याचं मोल घसरलं. नजरेचं कसब गेलं ते आधी मोजायच्या मुभेने. नव्या खेळाडूला टेपचा न्याय बरा वाटतो हे मला पटतं. पण अंदाज बांधायची जोखीम काढली की सेनापतीच्या भूमिकेतली अर्धी धाकधूक जाते, आणि ती धाकधूक हाच या कलेचा रस होता.

2015 मध्ये तर जुनं जगच संपवलं. कथेत प्रलय घडवून वॉरहॅमरची मूळ दुनिया नष्ट केली आणि त्या जागी 'एज ऑफ सिग्मार' आला. मूळ नियम चार पानांचे आणि फुकट. शिपायाच्या पायाखालचे चौकोनी बेस जाऊन गोल बेस आले. शिपाई रांगेत उभे राहण्याऐवजी घोळक्याने फिरू लागले. सैन्य तोलायला गुणांकनही नव्हतं. ते वर्षभरात परत आणावं लागलं. प्रत्येक फेरीला पहिली पाळी कोणाची यासाठी फासा टाकायचा, त्यामुळे एकाच बाजूला सलग दोन पाळ्या मिळू शकतात. त्यानंतरच्या आवृत्त्यांनी, 2024 च्या चौथीपर्यंत, खेळ पुष्कळ बांधेसूद केला आहे. त्यातल्या मूर्तींचं कोरीवकाम पाहून मी थक्क होतो. उडती वस्त्रं, हवेत तोललेले पाय, असं काम पंधरा वर्षांपूर्वी साच्यातून निघतच नव्हतं. तरीही माझा आक्षेप मूळ रचनेवर आहे. गोल बेसवरच्या शिपायाला पाठ नसते. बगल नाही, म्हणून बगल राखण्याची गरज नाही, आणि ती नसली की राखीव दल कुठे ठेवायचं हा प्रश्नच उद्भवत नाही. उरतं ते कोणाच्या कोणत्या गुणाला कोणता गुण जोडला की जास्त मार बसतो याचं गणित. ते गणित चांगलं असेल, पण ते सैन्य निवडतानाच बरंचसं सुटलेलं असतं.

जानेवारी 2024 मध्ये 'द ओल्ड वर्ल्ड' या नावाने फळ्या परत आल्या. प्रलयाच्या कितीतरी आधीचा काळ, चौकोनी बेस, वळसा, बगल, पिछाडी सगळं पुन्हा टेबलावर. 2015 नंतर गुंडाळलेल्या दोन सेना, ब्रेतोनियाचे सरदार आणि थडग्यातून उठणारे मिसरी राजे, याच खेळाच्या आरंभाला पुढे आणल्या. परतणाऱ्याला यात घरी आल्यासारखं वाटतं, पण घराची मापं बदलली आहेत. माणसाचा बेस 20 मिलिमीटरचा होता तो 25 चा झाला, घोडेस्वाराचा 25 बाय 50 चा 30 बाय 60. पाच-पाचच्या चार रांगांची फळी शंभर मिलिमीटर रुंद होती, ती आता सव्वाशे. म्हणजे जुना प्रत्येक शिपाई बेसवरून उचकटून नव्यावर चिकटवायचा, नाहीतर मध्ये फटी ठेवणारं तबक करून घ्यायचं. मी तबक पसंत केलं, कारण पायाशी रंगवलेली माती मोडवत नव्हती. शिवाय आरंभी नऊ सेनांनाच पुरी पुस्तकं मिळाली. बाकी सातांना सुरुवातीला एक फुकट यादी दिली आणि पुढची भर नाही. ज्याचं सैन्य त्या सातांतलं, त्याने कशाच्या भरवशावर परतायचं?

नियमांत मात्र एक गोष्ट अशी आहे की जी मला आजवरच्या सगळ्या आवृत्त्यांत सरस वाटते. पूर्वी हरलेली फळी एकतर उभी राही नाहीतर पळे. आता तीन परिणाम आहेत. फासा फार वाईट पडला तर फळी मोडून पळते. मध्यम पडला तर शिस्तीने मागे हटते आणि पुन्हा तोंड देऊ शकते. बरा पडला तर दोन इंच जमीन सोडून लढत राहते. या एका नियमाने मैदानाला लवचिकपणा आला. माघार म्हणजे पराभव नव्हे, हे नियमाने मान्य केलं. ड्रॅगनवर बसलेला एकटा सरदार अख्ख्या पलटणींना भारी पडतो, हे या आवृत्तीचं मोठं व्यंग आहे आणि ते दुरुस्त व्हायलाच हवं. तरीही शिस्तशीर माघारीच्या नियमासाठी मी तिला वरचं स्थान देईन.

हे मला इतकं महत्त्वाचं का वाटतं, त्याचं कारण सटाण्याहून ताहाराबाद, मुल्हेर करत गेलं की समोर उभं राहतं. साल्हेर, 1567 मीटर, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक. 1671 मध्ये तो शिवरायांकडे आला, मोगलांनी वेढा घातला आणि 1672 च्या सुरुवातीला मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर दोन वेगळ्या वाटांनी येऊन वेढ्यावर तुटून पडले. उघड्या मैदानात मोगलांच्या मोठ्या फौजेला मराठ्यांनी हरवलं. सभासद बखरीत या लढाईच्या धुळीचं वर्णन आहे, आणि सूर्यराव काकडे जंबुऱ्याचा, म्हणजे उंटावरच्या हलक्या तोफेचा, गोळा लागून पडल्याचं दुःखही. प्रतापरावाने आधी माघार घेतली, पाठलाग करणारे विस्कळीत झाले आणि मग तो उलटला, असं ग्रँट डफ लिहितो. हा डाव टेबलावर मांडायचा तर जुन्या नियमांत हलक्या घोडदळाचा लटका पळ होता, त्याने थोडंसं साधेल. गोल बेसच्या खेळात साधणारच नाही, कारण विस्कळीत झालेल्याला तिथे काही किंमत मोजावी लागत नाही. शिस्तशीर माघारीच्या नियमात ते जवळपास जसंच्या तसं बसतं.

मग हा खेळ आपल्याकडे का नाही? खरं तर आपल्याकडे त्याचा अर्धा भाग पिढ्यानपिढ्या आहे. दिवाळीत विटा-दगड रचून, वर चिखलात बुडवलेलं गोणपाट टाकून, अळीव किंवा मोहरी पेरून मुलं जो किल्ला करतात, ती भूरचनेची कला परदेशी हौशी मंडळींच्या टेबलांपेक्षा कमी नाही. बुरूज, चोरवाट, टाकं, माची, सगळं नकाशा पाहून केलेलं मी पाहिलं आहे. स्पर्धांत हुबेहूबपणाला आणि माहितीच्या फलकांना गुण मिळतात. पण किल्ला झाला की तो बघायचा. त्यावर काही घडत नाही. मावळे जिथे ठेवले तिथेच चार दिवस उभे. सिंहासनावरचे महाराज मावळ्याच्या तिप्पट आणि वाघ दरवाजाएवढा, कारण मापाची गरज कधी पडलीच नाही. माप लागतं ते चाल मोजायची असेल तेव्हा. अलीकडे तयार प्लास्टरचे किल्ले विकत मिळतात, त्यांनी तर रचनेचं कामही हातून काढून घेतलं. आणि अफजलखानाच्या भेटीचा देखावा सोडला तर बाजारात मला मावळा मिळतो, तोफ मिळते, गवळण आणि वासुदेवही मिळतात, मोगल शिपाई मिळत नाही. समोर शत्रूच नसेल तर लढाई कशी होणार?

साल्हेरसाठी वेगळं नियमपुस्तक लिहावं लागेल आणि ते परदेशी पुस्तकाची नक्कल असू नये. माघारीचा नियम घ्यावा, फळीची बगल घ्यावी, नजरेच्या अंदाजाचा जुना नियमही बिनदिक्कत परत आणावा. त्यात आपली भर घालावी लागेल. घोडदळ दौडलं की मागे धूळ उठते आणि तिच्याआडचं एक पाळीपर्यंत दिसत नाही. मोरोपंतांची फौज कोणत्या पाळीला आणि कोणत्या कडेने येणार, ते फाशावर, म्हणजे मोगलांच्या बाजूने खेळणाऱ्यालाही वेढा उठवायचा की धरून ठेवायचा हे अंधारात ठरवावं लागेल. उंटावरची जंबुरे चालता चालता डागता यावीत, पण उंट बुजला तर आपल्याच लोकांत शिरावा. शिपाई प्लास्टिकचे मागवण्यापेक्षा मातीचे घडवावेत, सगळे एका मापाचे, आणि रंगकाम गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणाऱ्या हातांकडे द्यावं. शून्य नंबरच्या ब्रशने तांदळाएवढ्या चेहऱ्यावर नजर काढणं त्यांना नवं नाही. सुरुवात मात्र वेढ्यातल्या मोगल सरदाराच्या, इखलासखानाच्या, तळापासून व्हायला हवी. राहुट्या, हत्ती, बंदूकची, बाजारबुणगे, वेढ्याचे मोर्चे, सगळं मावळ्यांइतक्याच मायेने घडवलेलं आणि रंगवलेलं, म्हणजे त्या बाजूने खेळायलाही कोणीतरी आपणहून बसेल.