डाव्या पायडलचे आटे

आमचे एक स्नेही पुण्यात पन्नास वर्षे सायकल चालवीत आहेत. पुणे सायकलींचे शहर होते तेव्हापासून! पुढे शहराने सायकल सोडली, यांनी नाही. गेल्या दिवाळीत नातवाने त्यांना यूट्यूबवर चॅनेल काढून दिले. विषय, सायकलचे सुटे भाग. आम्ही तोंडाने ‘वा वा’ म्हटले. मनात म्हटले, यात बघायचे काय?

परवा मात्र डाव्या पायडलवरचा व्हिडिओ पाहिला आणि ताठ बसलो. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात! सुलटे असते, तर चालवता चालवता ते आपसूक निसटले असते. म्हणजे इतकी वर्षे मी जे घाम गाळून सोडवीत होतो, ते खरे तर आवळीत होतो. स्नेह्यांनी हे हातात पाना धरून दोन वाक्यांत सांगितले.

आता टीकाकाराचा धर्म म्हणून दोष. सुरुवातीचे ते ढॅणढॅण संगीत यांना शोभत नाही. कार्बनच्या फ्रेमवर बोलताना तर ते माहितीपत्रक वाचल्यासारखे बोलतात. पण कॉटर पिन बसवताना ते बोलायचेच विसरतात. पिनेला कानस मारायची, घालून पाहायची, काढून पुन्हा कानस. तीन-चार मिनिटे नुसती खरखर. नातू म्हणतो, “एवढं कापू या.” मी म्हणतो, अजिबात नको! आमच्या कोपऱ्यावरचा सायकलवाला दुकान मिटवून गेला, तेव्हा असेच दोन हात त्याच्याबरोबर गेले. आम्ही जन्मभर त्याच्याकडून नुसती हवा भरून घेतली.