३१ पैकी १६ : योग, आघात आणि एक आकडा

घरात मार सोसलेल्या बायकांना योगाने बरं वाटतं, अशा लेखांत एक आकडा हमखास भेटतो : ५२ टक्के. तो आला कुठून, ते बघू.

अभ्यास बॉस्टनचा, बेसेल व्हॅन डर कोल्क आणि सहकाऱ्यांचा, २०१४ मध्ये छापलेला. ६४ स्त्रिया, सगळ्यांना जुना, उपचारांना दाद न देणारा पीटीएसडी. म्हणजे आघाताला वर्षं लोटली तरी शरीर अजून दचकतंय, झोप नाही. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एकाला दहा आठवडे, आठवड्याला एक तास योग. दुसऱ्याला तेवढाच वेळ स्त्री-आरोग्याचे वर्ग. शेवटी योगगटातल्या ३१ पैकी १६ जणी पीटीएसडीच्या निकषांबाहेर आल्या, दुसऱ्यातल्या २९ पैकी ६. फरक मोठा आहे, मला तो खराही वाटतो.

पण सगळ्याच जणी नवऱ्याचा मार खाल्लेल्या नव्हत्या. अनेकींचा आघात बालपणापासूनचा. आणि हा योग तरी कुठला? आपल्याकडे ‘गुडघा सरळ!’ असा हुकूम येतो, मागून कुणीतरी खांदा ओढून नीट करतं. जिचा खांदा घरात ओढला गेलाय तिचं काय होत असेल, विचार करा. आघाताचं भान ठेवून शिकवला जाणारा हा योग ‘हवं असेल तर हात वर घ्या, नको तर राहू द्या’ अशा भाषेत चालतो. मग गुण आसनाचा, की ‘नको’ म्हणता येण्याचा? ही चाचणी ते वेगळं करूच शकत नाही. माझी मुख्य तक्रार हीच.

दुसरी गोष्ट लेखांत सहसा येत नाही. साधारण दीड वर्षानंतर त्याच स्त्रियांकडे परत गेले (हा निबंध २०१६ चा), तेव्हा मूळ गट कोणता होता याने फरक पडत नव्हता. ज्या जास्त वेळा योग करत राहिल्या, त्यांची लक्षणं जास्त कमी झाली होती. आता हे योगामुळे, की बरं वाटत होतं म्हणून योग चालू राहिला? दोन्ही शक्य आहे.

आणि चालू ठेवायला दार लावता येईल अशी खोली लागते, ‘कुठे गेली होतीस?’ असं कुणी न विचारणारा तास लागतो. २००५ चा आपला कायदा बाईला सामायिक घरात राहायचा हक्क देतो. त्याच घरात पुष्कळदा मारणाराही राहतो, आणि ५२ टक्क्यांच्या लेखात तिला सल्ला मिळतो : रोज सकाळी शांत जागी बसा.