आडनाव झाकलं, मुलाखतीचं काय?

पात्रता सारखी, फक्त नावं वेगळी. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना असे अर्ज पाठवले. निबंध २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. सवर्ण हिंदू नावांच्या तुलनेत दलित नावांना पुढचं बोलावणं कमी आलं, मुस्लिम नावांना त्याहून कमी. प्रयोग मला पटतो, कारण इथे फरकाचं खापर 'मेरिट'वर फोडता येत नाही.

पण त्यावरून 'अर्जावरचं नाव झाका, झालं' असं कुणी म्हणालं की माझी कुरकुर सुरू होते. प्रयोग दारापर्यंतच जातो, मुलाखत त्यात नाहीच. म्हणून त्याच अंकातला सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांचा निबंध सोबत वाचा. त्यात एचआर मॅनेजर निवड गुणवत्तेवरच होते म्हणतात, आणि उमेदवाराच्या घरची पार्श्वभूमीही विचारतात!

"वडील काय करतात?" मलाही एका मुलाखतीत विचारलं होतं. "शेतमजुरी," म्हटल्यावर समोरच्या बाईंनी पेन खाली ठेवलं. पुढचे प्रश्न भराभर उरकले. तोवर माझ्या विषयावर एकही प्रश्न आला नव्हता (तयारी मात्र त्याचीच केली होती). हा प्रश्न विचारायचा नाही असं लिहिलेलं एखादं डायव्हर्सिटी धोरण तुमच्या पाहण्यात असेल, तर मला जरूर दाखवा.